कै. पैलवानांचा खुराक

वडखळच्या माणसाला कुस्तीतलं काय कळणार, असं कोल्हापूर-सांगलीकडची मंडळी आमच्या तोंडावर विचारतात. आम्ही चिडत नाही, कारण बोलणं खरं आहे. रायगड जिल्हा कबड्डीचा. इथल्या पोराला अंगणात सोडलं की ते आधी मध्यरेषा शोधतं. आमची माती खारेपाटाची. तिच्यात भात होतो, मीठ पिकतं, उधाणाने बांध फोडला तर मासळीही मिळते. पण लंगोट लावून कोणी तिच्यात उतरलं तर समोरच्या पैलवानाच्या आधी मातीच त्याला धरून ठेवील. तालमीच्या हौद्याला तांबडी माती लागते, आणि तिलाही ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर घालून वर्षानुवर्षं सांभाळावी लागते. आमच्याकडे एवढे लाड जावयाचे होतात. खुराकाचं म्हणाल तर तिकडे थंडाई, तूप आणि मटण. इकडे तांदळाची भाकरी, सुकट आणि जावई आला तर जिताडा. जावई काही रोज येत नाही, त्यामुळे वडखळच्या पैलवानाची तब्येत बेताचीच राहते.

पण कुस्तीतला एक निकाल असा आहे की त्यातले खरे दर्दी वडखळलाच सापडतील. तो निकाल म्हणजे बरोबरी. आमच्या नाक्यावर मुंबई-गोवा रस्त्याला अलिबागचा रस्ता येऊन भिडतो. शनिवारी सकाळी दोन्हींवरच्या गाड्यांची ही जोड लागायची, दोन्ही बाजू एकमेकींना कपाळ लावून उभ्या, कोणी तसूभर मागे हटायचं नाही; रविवारी रात्री नाक्यावरचा हवालदार दोघांचेही हात वर करून कुस्ती सोडवायचा. पनवेल-इंदापूर रुंदीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. तेव्हापासून किती मंत्र्यांनी त्यावर शड्डू ठोकला आणि किती गणपतींच्या आधी ते चितपट होणार होतं, हे मोजणं आम्ही केव्हाच सोडलं. या भागाचा स्वभावच चिवट. १९३३ साली चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप धरला, नारायण नागू पाटलांच्या शब्दावर जमिनी पडीक टाकल्या, त्या १९३९ पर्यंत. एवढ्या लांब चाललेल्या लढतीला नुरा कुस्ती म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

तर सांगायचं म्हणजे, नाक्यावर उभं राहिलं की सगळं जग दिसतं. मुंबईचे पर्यटक दिसतात, डोलवीच्या पोलाद कारखान्याचे ट्रेलर दिसतात, पेणहून निघालेले गणपती दिसतात, आणि जत्रांचा हंगाम आला की घाटावरून खोपोली-पेणमार्गे उतरलेल्या गाड्यांमधून पैलवान दिसतात. गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत ‘पैलवान’ लिहिलेलं असतं. त्याची गरज नसते. गाडी एका अंगाला बसलेली असते, तेवढ्यावर कळतं.

पुढच्या सीटवर वस्ताद, मागे कान मोडलेली पोरं. गाडी वडापावच्या टपरीपाशी थांबते. वस्ताद खाली न उतरताच हुकूम सोडतात, “तेलकट काही खायचं न्हाई. सांजच्याला कुस्ती हाय.” पोरं मान डोलावतात आणि नुसते पाव मागतात. टपरीवाला पाव देताना त्यात वडा सरकवतो. वस्तादांना तो दिसत नाही, कारण त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा असतो.

“कुणाच्या मैदानाला चाललात पैलवान?” टपरीवाला विचारतो.

“त्ये कै. हायेत की.”

“कै. कोण?”

“फ्लेक्सवर नाव हाय त्यांचं. पयलं इनाम एकावन्न हजार, दुसरं एकतीस, तिसरं एकवीस.”

एवढ्या संवादात आपल्याकडच्या स्मृती-मैदानांचं सगळं शास्त्र आलं. ज्याच्या स्मरणार्थ मैदान भरलंय त्याचं नाव सोडून बाकी सगळं सगळ्यांच्या स्मरणात असतं.

याचा दोष पैलवानाला देऊ नये. फ्लेक्सच तसा असतो. वर मधोमध हनुमान, त्यांच्या दोन बाजूंना दोन पक्षांचे नेते, म्हणजे मारुतीरायालाही कोणत्या गटात आहोत ते कळू नये. मग मार्गदर्शक, आधारस्तंभ, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, आणि तळाला स्वागतोत्सुकांची दाटी. या स्वागतोत्सुकांत सहा महिन्यांच्या बाळांपासून काळा चष्मा लावलेल्या काकांपर्यंत सगळे असतात. या सगळ्या हयात मंडळींतून वाट काढत नजर डाव्या कोपऱ्यात गेली, तर तिथे पासपोर्ट आकाराचा, कुठल्या तरी लग्नाच्या फोटोतून कापून काढलेला एक चेहरा दिसतो. फेटा एका बाजूने कापला गेलेला, खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी हात राहून गेलेला. हेच ते कै. वस्ताद. हयातीत ज्यांना जागा करून देण्यासाठी दोन माणसं सरकून बसायची, त्यांची फ्लेक्सवर ही रवानगी.

मैदान दुपारी दोनला सुरू होणार असं छापलेलं असतं, म्हणजे चारला नारळ फुटतो. आखाड्याची पूजा होते, कै. वस्तादांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि निवेदक दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगतो. ही दोन मिनिटं कधीच पुरी भरत नाहीत. कोणीतरी हलगीवाल्याला सांगायचं विसरलेलं असतं. तो आपला लांब कोपऱ्यात शेकोटीवर हलगी तापवत असतो. चामडं ताणलं गेलं की नाही ते बघायला एक थाप मारतो, आणि ती थाप ऐकून आखाड्याच्या कडेला उभ्या असलेल्या साठ पोरांचे हात आपसूक मांडीवर पडतात. श्रद्धांजली तिथेच आटोपते. खरं सांगायचं तर वस्तादांना याहून बरी श्रद्धांजली मिळण्याजोगी नाही, पण अध्यक्षांचा चेहरा पडतो.

मग सत्कार. हा भाग मी दर खेपेला नीट न्याहाळतो. जानेवारीतली संध्याकाळ, खाडीवरून बोचरं वारं सुटलेलं. व्यासपीठावर जाकीट, मफलर, पायात मोजे घातलेले पाहुणे. त्यांच्या अंगावर एकामागून एक शाली चढताहेत. खाली ज्यांच्या अंगावर फक्त लंगोट आहे ते पैलवान काखेत हात घालून कुडकुडताहेत. एका पाहुण्याच्या खांद्यावर तिसरी शाल पडली तेव्हा माझ्या शेजारचा आजोबा म्हणाला, “ही घोंगडी चुकीच्या गुरांवर टाकतायत.” आजोबांचे दोन्ही कान मोडलेले होते, तेव्हा त्यांचा शब्द अधिकाराचा.

या मैदानात सगळ्यात निर्मळ कुस्त्या होतात त्या नारळाच्या. आठ-दहा वर्षांची पोरं, जोड लावायला बाप नाहीतर चुलता. परवा पाहिलेली एक जोड अजून डोळ्यांसमोर आहे. एक पोरगं गोल, दुसरं काडी. सलामी झाली. काडीने वाकून मूठभर माती उचलली आणि गोलाच्या मानेवर, पाठीवर, खांद्यावर अशी काळजीने चोळली की त्याची आईही अंघोळ घालताना चोळत नसेल. घामाने निसटू नये म्हणून ही माती लावतात, हे त्याला घरी कोणीतरी नीट शिकवलेलं. गोल बिचारा लाड चाललेत असं समजून उभा राहिला. तेवढ्यात काडीने एकेरी पट काढला आणि गोल आकाशाकडे बघत होता. त्याला आपण पडलो हे कळायला नारळ दुसऱ्याच्या हातात जावा लागला. मग भोकाड. मोडक्या कानाच्या आजोबांनी त्याला बोलावून वीस रुपयांची नोट दिली आणि सांगितलं, “माती तू आदी लावायची.” वर्गात वर्षभरात होत नाही एवढं शिक्षण त्या दोन मिनिटांत झालं.

मोठ्या गटाच्या जोड्या जमवणं म्हणजे सोयरीक जुळवण्यापैकीच. दोन वस्ताद आपापला पैलवान मनगटाला धरून आखाड्याच्या मधोमध आणतात, शेजारी शेजारी उभं करतात, दंड चाचपतात, पोटऱ्या बघतात. कागदावरचं वजन इथे कोणी मानत नाही. “माजं पोरगं अजून कवळं हाय,” एक वस्ताद म्हणतात. कोवळ्या पोराला घनदाट मिशा असतात आणि मोबाइलवर त्याच्या मुलीचा फोटो असतो. दुसरे म्हणतात, “माझा आत्ताच आजारातनं उठलाय.” आजारातून उठलेला शंभर किलोच्या घरात. प्रेक्षक दोन्हीकडून ओरडून निकाल देतात, पंच इनामाचा आकडा हजाराने वाढवतात, आणि कोवळा व आजारी यांची जोड लागते.

निवेदकाशिवाय हा सगळा पसारा उभा राहणार नाही. कुस्तीचा निवेदक एका श्वासात डाव सांगतो, पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद आणि त्याच्या आज्याने कोणाला कुठल्या जत्रेत पाडलं तेही सांगतो. पण त्याच्या हातात चिठ्ठ्याही सतत येत असतात. त्यामुळे ऐकू येतं ते असं: “आता कब्जा घेतलेला आहे, घिस्सा मारायच्या तयारीत, खालच्या पैलवानानं बगल आवळलेली, आणि मंडळी, बघण्यासारखी कुस्ती, मैदानावर आत्ताच उपसभापतींचं आगमन झालेलं आहे, त्यांना विनंती त्यांनी व्यासपीठावर यावं, पांढऱ्या रंगाची चारचाकी कोणाची असेल त्यांनी ती ताबडतोब...” एवढ्यात गर्दीतून आरोळी उठते आणि आपण वळून बघतो तर कुस्ती झालेली असते. उपसभापती मात्र नीट दिसले.

शेवटची, पहिल्या इनामाची कुस्ती रात्री लागते. आधी दहा मिनिटं नुसती खडाखडी. दोघं एकमेकांच्या मानेवर हात टाकून कानात काहीतरी बोलत असल्यासारखे उभे. लोक ओरडतात, “अरं, धरा की!” पंच वेळ वाढवून देतात, मग गुणांवर लावतात, मग पुन्हा वेळ वाढवतात. खूप वेळाने दोघांचे हात वर होतात. घाटावरून आलेले दर्दी हळहळतात. आम्हा वडखळकरांना त्यात खटकण्यासारखं काही दिसत नाही.

आता या गदारोळात कै. वस्ताद कुठे आहेत, हा प्रश्न उरतो. माझं उत्तर असं की ते तिजोरीत आहेत.

जरा मागे जाऊन बघावं. एके काळी पैलवान राजाच्या पदरी असायचा. शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमी उभ्या केल्या, मल्लांना खुराक बांधून दिला आणि १९१२ साली खासबागेचं मैदान खुलं केलं. रोममधला जुना आखाडा पाहून महाराजांच्या मनात ते आलं, असं कोल्हापुरात सांगतात. खोलगट बांधलेल्या या मैदानात हजारो लोकांना कुठूनही हौदा स्पष्ट दिसतो, म्हणजे तिथे उपसभापती आडवे येऊ शकत नाहीत. पुढे १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. लोकशाही आली, फार चांगलं झालं, पण पैलवानाच्या दुधाचा प्रश्न कोणत्या खात्याकडे गेला ते कोणी सांगितलं नाही.

हा फरक समजून घ्यायला खाशाबा जाधवांची दोन ऑलिंपिकं पुरेशी आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, जन्म १५ जानेवारी १९२६. १९४८ साली लंडनला गेले, खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला, आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवला आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं ठरलं तेव्हा संस्थान उरलं नव्हतं. मग गोळेश्वरने वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपलं राहतं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! आज विद्यार्थ्याच्या फीसाठी विद्यार्थ्याचं घर गहाण पडतं, तेव्हा गहाणाची परंपरा टिकली, दिशा तेवढी बदलली.

२३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं यायला १९९६ साल आणि लिअँडर पेस लागला. कराड स्टेशनावर उतरले तेव्हा त्यांना न्यायला दीडशेवर बैलगाड्या आल्या होत्या. आणि मग या गृहस्थाने घरी बसून सत्कार घ्यायचे सोडून काय केलं, तर कुस्त्यांचं मैदान भरवलं. स्वतः आखाड्यात उतरले, कुस्त्या मारल्या आणि इनामाच्या पैशांतून खर्डेकरांचं घर सोडवलं. म्हणजे खाशाबांच्या नावाचं पहिलं मैदान भरवलं ते खुद्द खाशाबांनी, हयातीत, आणि तेही कर्ज फेडायला. त्याला स्वागतोत्सुक कोणी नसावेत.

पुढची हकिगत सरकारी चालीने जाते. १९५५ साली मुंबई पोलिसात सबइन्स्पेक्टर. बढती मिळाली ती निवृत्तीच्या तोंडावर. नंतर पेन्शनसाठी खेटे. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. आणि मग एकदम सुगी सुरू झाली. २००० सालचा अर्जुन पुरस्कार. २०१० साली दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला नाव. २०२३ च्या जानेवारीत गूगलच्या पहिल्या पानावर चित्र. महाराष्ट्र सरकार त्यांच्या नावाने दरवर्षी राज्यस्तरीय कुस्ती स्पर्धा घेतं, कधी या जिल्ह्यात कधी त्या, आणि त्यांचा जन्मदिवस आता राज्याचा क्रीडा दिन आहे. ज्याला लंडनला महाराजांनी आणि हेलसिंकीला प्राचार्यांनी पाठवलं, तो आज स्वतः दरवर्षी शेकडो पोरांना बक्षिसं वाटतो. राजाश्रय गेला आणि त्या जागी कैलासवासी पैलवानांचा आश्रय आला, असं मी म्हणतो ते यासाठी. हयातीत ज्याला स्वतःच्या बदामांची भ्रांत होती तो गेल्यावर अख्ख्या तालमीचा खुराक चालवतो.

यामागचं अर्थशास्त्र गावोगावच्या मंडळांनी अचूक हेरलंय. जिवंत पैलवान वर्गणीला दारात आला तर “पुढच्या महिन्यात या” म्हणता येतं. पावतीपुस्तकावर कैलासवासी वस्तादांचं नाव बघून तसं म्हणता येत नाही. मेलेल्या माणसाला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही, शिवाय तो पुढच्या महिन्यात येण्याची शक्यता फार कमी. पावती निमूट फाटते, पैसे जमतात, इनामं लागतात, पोरांना दूध मिळतं. फ्लेक्सवरचा फोटो लहान असेल, पण त्याची पत मोठी.

राज्याच्या सर्वांत मोठ्या किताबाचंही हेच. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे. पहिला मान दिनकर दह्यारींचा. विजेत्याच्या खांद्यावर जी चांदीची गदा दिसते ती मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ दिली जाते. मामासाहेब मुळशी तालुक्यातल्या मुठ्याचे, स्वतः मल्ल आणि कुस्तीगीर परिषद उभी करणारे. २०२५ साली अहिल्यानगरला ती पृथ्वीराज मोहोळ या पैलवानाने जिंकली, त्यामुळे गदेवरचं आडनाव आणि जिंकणाऱ्याचं आडनाव एकच असा योग जुळून आला. त्याच मैदानात निकालावरून एका पैलवानाने पंचांना लाथ मारली आणि चर्चा झाली ती लाथेची. त्याआधी २०२३ मध्ये तर दोन संघटनांच्या भांडणात एकाच महिन्यात दोन ठिकाणी स्पर्धा होऊन महाराष्ट्राला दोन केसरी मिळाले, एक पुण्याजवळच्या फुलगावात, दुसरा धाराशिवात. संघटकांची आपापसातली कुस्ती नेहमी निकाली होते, त्यात बरोबरी नाही. त्याच साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी.

आमच्याकडची नवी पोरं या सगळ्याकडे जरा दुरूनच बघतात. त्यांची कुस्ती टीव्हीवरची. तिथेही मेलेल्या पैलवानाच्या नावाने वार्षिक लढत असते, हे कळलं तेव्हा मला घरचं माणूस परदेशात भेटल्यासारखं झालं. आंद्रे द जायंट नावाचा अवाढव्य फ्रेंच पैलवान १९९३ साली वारला. २०१४ पासून त्याच्या स्मरणार्थ अमेरिकेत ‘बॅटल रॉयल’ होते. तीसेक पैलवान एकाच रिंगणात सोडतात, वरच्या दोरावरून बाहेर पडला तो बाद, शेवटी उरेल त्याला आंद्रेच्याच पुतळ्याचा चषक. पहिल्या वर्षी सिझारो नावाच्या पैलवानाने बिग शो नावाचा डोंगर उचलून बाहेर टाकला, कारण १९८७ साली हल्क होगनने आंद्रेला असंच उचलून आपटलं होतं. हा तपशील मला फार आवडला. निकाल ठरलेला असतो, मान्य. पण ज्याच्या नावाने लढत आहे त्याचा प्रसंग त्यांनी आठवणीने मांडला. आमच्या खऱ्या मैदानात खरा घाम गळतो आणि वस्ताद कोणत्या डावाचे ते विचारलं तर समितीचे अध्यक्ष सचिवांकडे बघतात, सचिव हलगीवाल्याकडे.

टीव्हीवाल्या कुस्तीची एक अडचण आहे, ती इथे नोंदवतो. माझ्या पिढीच्या पोरांना अंडरटेकर नावाचा पैलवान सात वेळा मरून जिवंत झाला असं शाळेत खात्रीने सांगितलं जायचं. अशा माणसाच्या स्मरणार्थ मैदान कसं भरवणार? वर्गणी जमेल, फ्लेक्स लागेल, आणि ऐन सत्काराच्या वेळी दिवे घालवून हा स्वतःच हजर. शाल कमी पडेल.

आमच्या मैदानात मात्र पहिल्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांत हमखास दोन-चार जण असे असतात की ज्यांच्या कुस्त्या लोकांनी झाडावर चढून पाहिल्या होत्या. गुडघे गेलेले, कान मोडलेले, हातात काठी. नारळाच्या कुस्तीतलं पोरगं चुकीचा पाय पुढे टाकतं तेव्हा यांचा पाय खुर्चीखाली हलतो. वीस रुपये देणारा तो आजोबा त्यांतलाच. त्याला मी विचारलं, तुमचं नाव निवेदकाने घेतलं नाही ते? तो म्हणाला, “घेतील. घाई कशाला? एकदा घेतलं की मग दर वर्षी घेतात.”

म्हणून स्मृती-मैदानं भरवणाऱ्या समस्त मंडळांना, अध्यक्ष-सचिव-खजिनदारांसह, दोन विनंत्या आहेत. पहिली, सत्काराच्या शाली निम्म्या करून उरलेल्या पैशांतून पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना महिन्याचं दूध लावून द्या. ते अजून पितात. दुसरी, कै. वस्तादांच्या फोटोखाली चार गोष्टी छापा: गाव कोणतं, तालीम कोणती, गुरू कोण आणि हुकमी डाव कोणता. खाशाबांचा ढाक होता, हे आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं. तुमच्या वस्तादांचा कोणता होता ते सांगणारी माणसं अजून गावात आहेत, त्यांना विचारून घ्या. मजकूर दोन ओळींत मावतो. जागा कमी पडली तर स्वागतोत्सुकांतली सहा महिन्यांची बाळं वगळावीत, त्यांची हरकत येणार नाही.